बाळाला ऊब देणाऱ्या पिशवीचं पुढे काय करायचं?

मानपाड्याहून
१७ नोव्हेंबर, रात्री १०.५०

आज जागतिक मुदतपूर्व जन्म दिन. दवाखान्याच्या ग्रुपवर सकाळपासून इवल्या पायांचे फोटो येताहेत. महिनाभर मनात घोळणारा प्रश्न आज विचारूनच टाकते.

माझा मुलगा तेहेतिसाव्या आठवड्यात झाला. वजन १,६४० ग्रॅम. १९ दिवस काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, जितका वेळ जमेल तितका छातीशी धरा, आणि तुमची आंघोळ, जेवण, दोन घटका झोप एवढ्यापुरती ही पिशवी वापरा. स्लीपिंग बॅगसारखी पिशवी, तिच्या पाठीला एक कप्पा आणि कप्प्यात मेणासारख्या पदार्थाची चपटी थैली. थैली तिच्या हीटरमध्ये वितळवायची, कप्प्यात सरकवायची, की पुढचे काही तास ऊब टिकते. डिसेंबरचे दिवस होते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, येऊरच्या बाजूने पहाटे वारं सुटलं की मोठ्या माणसालाही शाल लागते. त्या दोन महिन्यांत या पिशवीने मला किती आधार दिला ते शब्दांत सांगता येणार नाही.

आता लेक अकरा महिन्यांचा आहे, साडेआठ किलो. पिशवी मार्चपासून माळ्यावर होती. परवा काढली, कारण दोघींनी मागितली आहे. एक आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावरची, तिला जानेवारीत नववा पूर्ण होतो. दुसरी कळव्याची माझी मावसबहीण, तिचं बाळ चौतिसाव्या आठवड्यात झालंय आणि अजून दवाखान्यातच आहे.

अडचण अशी की सासूबाईंनी ती फार जपून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती. अजून वास येतोय. शिवाय दोनपैकी एका थैलीच्या शिवणीवर पांढरट, बोटाला तेलकट लागणारी रेघ दिसतेय. भंगारवाला हीटर घ्यायला तयार आहे, बाकीचं म्हणाला, “कचऱ्यात टाका ताई.” मन होत नाही टाकायचं. धुऊन देऊ का? कशी धुवायची? आणि टाकायचीच वेळ आली तर काय कुठे टाकायचं?

---

ऐरोलीची_आजी
१८ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

अगं बाई, साडेआठ किलो! आधी लेकराची दृष्ट काढ.

आमच्या घरी आजीच्या नऊवारी पातळाची दुपटी होती. आम्ही पाच भावंडं त्यांतच वाढलो, नंतर माझी दोन्ही मुलं. कापड इतकं मऊ झालं होतं की हातात धरलं तर असल्यासारखं वाटायचं नाही. बाळाला पहिलं कापड कुणाचं तरी वापरलेलंच घालावं असं आमच्याकडे म्हणत. त्यात मायाही असते आणि नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला लागत नाही. तेव्हा खुशाल दे. देणाऱ्याचं कधी कमी होत नाही.

गोळ्यांचं मनावर घेऊ नकोस. आमच्या ट्रंकेत कायम असायच्या. दोन दिवस कडक उन्हात टाक, वास उडून जाईल.

---

रात्रपाळी
१८ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

रात्रीची ड्युटी संपवून घरी आले, चहा टाकला आणि हा धागा दिसला. झोपण्याआधी लिहितेय, कारण हे थांबवायला हवं.

ताई, ती पिशवी आहे त्या अवस्थेत कुणालाही देऊ नका. आजी, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, नवजात बाळाच्या कपड्यांत डांबराची गोळी नकोच. त्या गोळीत नॅफ्थलीन असतं. त्याची वाफ कापडात मुरते, बाळाच्या श्वासातून आणि पातळ कातडीतून आत जाते. अंगाला तेल लावलेलं असेल तर आणखी पटकन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने भराभर फुटतात. कावीळ एकदम चढते, बाळ पांढरं पडतं, लघवी गडद होते. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो आणि वरून कळत नाही. कमी दिवसांच्या बाळाला कावीळ तशीही होतेच, तिच्यात ही भर पडली तर मेंदूपर्यंत इजा होऊ शकते. वाळत टाकलेल्या दुपट्यांचा वास घेऊन आयांना परत पाठवणारी नर्स आमच्या वॉर्डात मीच आहे. बावीस वर्षं हे काम करतेय.

कापूरही नको. ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवतात, तीसुद्धा नको.

आता धुण्याचं. सगळ्यात आधी थैली बाहेर काढा. थैली कधीच मशीनमध्ये किंवा बादलीत बुडवून धुवायची नसते. मऊ ओल्या फडक्याला थोडा सौम्य साबण लावून पुसायची, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. आवरण आधी गार पाण्यात भिजवा. दूध, शी, उलटी यांच्या डागांवर पहिल्यांदाच गरम पाणी ओतलं तर डाग धरून बसतो. बिनवासाचा साबण घ्या, नेहमीपेक्षा दोनदा जास्त खळबळून काढा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, त्याचा थर कापडावर राहतो आणि बाळाच्या कातडीला तो सोसत नाही. मग उलटी बाजू वर करून उन्हात टाका. नाका-तोंडाजवळ येणारी वरची कड आणि शिवणींच्या आतली बाजू हाताने चाचपून बघा. तिथे ओल राहते आणि बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात तर चार दिवस टांगून ठेवलं तरी शिवण दमटच लागते.

तुमच्या पिशवीचा डांबराचा वास दोन-तीन धुण्यांनंतर, आठवडाभराच्या उन्हानंतरही आला, तर ती नवजात बाळासाठी संपली असं समजा.

तेलकट रेघेचं मला कळत नाही, ते जाणकाराने सांगावं. पण रेघ दिसली की ती थैली बाळाच्या पाठीखाली नाही. एवढं नक्की.

---

ऐरोलीची_आजी
१८ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

बाई गं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या थोरल्याला जन्मल्यावर कावीळ फार झाली होती, आठ दिवस दवाखान्यात होता. त्याचं कारण आता कोण सांगणार. ट्रंक आजच उघडते. मग कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय ठेवायचं, तेवढं सांग पोरी.

---

रात्रपाळी
१८ नोव्हेंबर, सकाळी १०.३५

आजी, काहीच नाही ठेवलं तरी चालतं. स्वच्छ धुतलेलं, कडकडीत वाळलेलं, घट्ट झाकणाच्या डब्यात. कसर दुधाच्या-घामाच्या डागांवर येते, स्वच्छ सुती कापडावर सहसा येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ऊन दाखवायचं.

---

सेक्टर_अठरा
१८ नोव्हेंबर, दुपारी १.१५

नेरुळहून विचारतोय. बायकोला बाळंतपणानंतर कंबर शेकायला आतल्या पत्रीवर टिचकी मारली की गरम होणारी जेलची पिशवी आणली होती. पाण्यात उकळली की पुन्हा वापरता येते. बाळ बारा दिवसांचं आहे, पूर्ण दिवसांचं. एसी लावला की त्याचे हात गार लागतात. ती पिशवी दुपट्यात गुंडाळून त्याच्या पायाशी ठेवली तर?

---

बाळांचा_डॉक्टर
१८ नोव्हेंबर, दुपारी २.४०

नाही. कृपया ठेवू नका.

टिचकीच्या पिशवीत सोडियम अॅसिटेटचं द्रावण असतं. ते ५८ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे टिचकी मारल्यावर पिशवी जवळजवळ तेवढी तापते. तुमच्या कमरेला ते सुखाचं, पण बाळाची कातडी भाजते आणि बाळ पाय काढून घेऊ शकत नाही. रबरी गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. भाजलेल्या टाचा घेऊन आलेली बाळं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक घरात ती प्रेमानेच भाजलेली होती. याच रसायनाची, मिश्रण बदलून तापमान बाळाला सोसेल इतकं खाली आणलेली, खास बाळांसाठीची उपकरणं असतात. ती वेगळी. औषधाच्या दुकानातली कंबर शेकायची पिशवी म्हणजे ते नव्हे.

बाळाला थंडी वाजतेय का ते असं बघा. हाताची पाठ आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार आणि पाय गुलाबी, म्हणजे छान. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी जाणवायला लागली आहे: एसी बंद, टोपी, मोजे, आईच्या छातीशी. पोटही गार लागलं तर घरी वेळ घालवू नका, छातीशी धरूनच दवाखान्यात आणा. थर्मामीटरने काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवं. ३६.५ च्या खाली गेलं की थंडी, ३६ च्या खाली गेलं की आमच्या दृष्टीने गंभीर. ३७.५ च्या वर गेलं तर पांघरूण कमी करा, आणि अशा वेळी तापवलेली कोणतीही पिशवी वापरायची नाही.

ठाण्या-नवी मुंबईत कसली आलीय थंडी, असं अनेकांना वाटतं. पण बाळ गार पडतं ते ओल्या अंगाने, पंख्याच्या वाऱ्याने, गार फरशीने आणि एसीने. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते आणि ते कुडकुडतही नाही. त्यामुळे मे महिन्यातसुद्धा ते गार पडू शकतं.

मूळ धाग्याबद्दल. या पिशव्या आईला पर्याय म्हणून आलेल्या नाहीत. छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा सल्ला असा आहे की कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास, त्वचेला त्वचा लागेल असं धरावं. बाबांनीही धरावं, आजीनेही. उरलेल्या वेळासाठी पिशवी. नवव्या मजल्यावरच्या ताईंचं बाळ पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं झालं तर त्यांना या उपकरणाची गरजच नाही. कळव्याच्या बाळाला लागेल की नाही, हे तिथले डॉक्टर ठरवतील. ही पिशवी दुपट्यासारखी एकीने दुसरीला द्यायची वस्तू नाही.

---

रबाळ्याचा_केमिस्ट
१८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

तेलकट रेघेकडे येतो. माझं काम रसायनांचं, एमआयडीसीत. घरी जुळी मुलं, दोन्ही बत्तिसाव्या आठवड्यातली. म्हणून या थैलीचं गणित मी तेव्हाच खोलात जाऊन समजून घेतलं होतं.

आत असतं ते मेण, पण मेणबत्तीचं नव्हे. ३७ अंशांच्या आसपास वितळणारं मेण निवडलेलं असतं. उदाहरण द्यायचं तर आयकोसेन नावाचं मेण ३६-३७ अंशांना वितळतं. एक किलो पाणी एका अंशाने गार होताना ४.२ किलोज्यूल उष्णता सोडतं. तेवढंच मेण गोठताना २०० किलोज्यूलच्या वर सोडतं, आणि सगळं गोठेपर्यंत त्याचं तापमान ३७ च्या आसपास अडून राहतं. म्हणूनच बाळाला तासन्‌तास एकसारखी ऊब मिळते आणि बाळ भाजत नाही. ही कल्पना बाळांच्या पिशवीसाठी २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका वर्गात विद्यार्थ्यांनी मांडली. त्यांचं ‘एम्ब्रेस’ पुढे बंगळुरूहून आपल्या रुग्णालयांत आलं. ताई, तुमची पिशवी कोणाची ते मला ठाऊक नाही, विचारतही नाही. तत्त्व तेच.

आता तुमचं काय झालं असावं ते सांगतो. तुम्ही मार्चमध्ये थैली माळ्यावर ठेवलीत. वरच्या स्लॅबखालचा माळा ठाण्यात एप्रिल-मे मध्ये सहज ३७ च्या वर जातो. म्हणजे रोज दुपारी तुमचं मेण आपोआप वितळत होतं आणि रात्री गोठत होतं. वितळताना मेण फुगतं. वर गाद्या-बॅगा रचलेल्या असतील, थैलीला घडी पडली असेल, तर सगळा दाब शिवणीवर. दोन-अडीच महिने रोज हे झालं. वापरून खराब झाली नसेल इतकी ती ठेवून खराब झाली असण्याची शक्यता आहे. अशी थैली खालच्या कपाटात, सपाट, वर काहीही न ठेवता ठेवायची.

खात्री अशी करा. थैली नेहमीसारखी वितळवा. पांढऱ्या टिश्यू पेपरवर सपाट ठेवा, वरूनही एक टिश्यू, आणि तळहाताने कडेकडेने हलकं दाबत जा. मग टिश्यू खिडकीच्या उजेडासमोर धरा. मेणाचा डाग पडला असेल तर तिथून उजेड आरपार दिसेल, भज्यांचा कागद दिसतो तसा. पाण्याचा डाग वाळून जातो, मेणाचा जात नाही. दोन्ही थैल्यांना करा. आणखी बघायचं: वितळल्यावर आत गुठळ्या राहतात का, खवट वास येतो का, प्लॅस्टिकचे पदर सुटून फुगे आलेत का. यातलं एक जरी दिसलं तरी थैली बाद. सेलोटेप, फेव्हिक्विक काही लावायचं नाही.

बाद झाली तर ती कापून मेण वितळवून मोरीत ओतू नका. पाइपात जाऊन गोठेल आणि अख्ख्या इमारतीची लाइन तुंबेल. गोठलेल्या अवस्थेतच, न कापता, दोन पिशव्यांत गाठ मारून बंद करा. जाळायचंही नाही. थैलीचं प्लॅस्टिक अनेक पदरी असतं, एकावर एक वेगवेगळं, त्यामुळे वितळवून त्याचं नवीन काही होत नाही. बनवणारी कंपनी परत घेत असेल तर सगळ्यात उत्तम, आधी तिथे फोन करा.

सेक्टर अठरा, तुमची टिचकीवाली फुटली तर प्रश्न नाही. ते मीठ खाण्याच्या पदार्थांतही वापरतात. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, पत्री वेगळी काढा, प्लॅस्टिक धुऊन सुक्या कचऱ्यात.

---

सुका_कचरा
१९ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

मी नवी मुंबईत कचरा वेगळा करणाऱ्या बायकांबरोबर काम करते. कचरा निवडायच्या पट्ट्यावर काय येतं ते सांगते.

बाळाचं ब्लँकेट येतं ते बहुतेक वेळा आत डायपर गुंडाळलेलं. शेजारची बाई ते उलगडते. हातमोजे असतात, नसतात. एकदा आमच्या एका मावशींनी गुलाबी मऊ ब्लँकेट नातवासाठी बाजूला काढलं, उलगडलं तर आत वापरलेल्या सुया. मावशी सहा महिने रक्त तपासत होत्या. सुदैवाने सगळं नीट निघालं, पण ते सहा महिने कुणाला मोजता येत नाहीत.

म्हणून काय कुठे, ते ऐका. आवरण धुऊन, कोरडं करून, कापडांच्या पिशवीत वेगळं द्या. ओलं झालेलं कापड कुणी घेत नाही, ते सरळ डम्पिंगला जातं. नवी मुंबईत बेलापूरला महापालिकेचं जुन्या कापडांचं केंद्र आहे, कापडं निवडून पुढच्या वापरासाठी पाठवतात. पिशवीची चेन आणि वेल्क्रो उसवून काढलंत तर कापडाची किंमत वाढते. आतला कापूस पॉलिस्टरचा असतो, तो उशीत, पायपुसण्यात भरता येतो. रेक्झिनसारखा जलरोधक पदर मात्र कुणी घेत नाही, तो सुक्या कचऱ्यात. शी-लघवीने न धुता येण्याइतकं खराब झालेलं काही असेल तर डायपरसारखंच: कागदात गुंडाळून, वर खूण करून, वेगळं हातात द्यायचं. घनकचऱ्याच्या नियमांतही असा कचरा नीट गुंडाळूनच द्यायला सांगितलंय.

मेणाची थैली घरगुती घातक कचऱ्यात द्या, म्हणजे बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधं जिथे देता तिथे. वर चिठ्ठी लावा, “आत मेण आहे, फोडू नये.” उचलणाऱ्या दादाला तोंडानेही सांगा. चिठ्ठी कुणी वाचेलच असं नाही.

हीटर भंगारवाल्याला देऊ नका. तांबं काढायला वायर जाळतात, मुलं शेजारी बसलेली असतात. हे डोळ्यांनी पाहिलंय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वैद्यकीय उपकरणंही आली आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्या.

हे सगळं घरातल्या वस्तूचं. नर्सिंग होममध्ये वापरलेली, रक्त वा स्राव लागलेली अंथरुणं-पांघरुणं टाकायची झाली तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात. ती घरच्या कचऱ्यात येता कामा नयेत. तरी येतात.

---

आशाताई_वागळे
१९ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

नमस्कार. मी आशा कार्यकर्ती आहे. फोनवर टाइप करते, चुका पोटात घाला.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. आमच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायचं उबदार कापड असतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की घरी जाऊन बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना शिकवून करून दाखवली. त्यातही बाळ उबदार ठेवणं हे मोठं काम होतं.

मला दुसरंच सांगायचंय. मोठ्या सोसायट्यांतून आमच्या वस्तीत बाळाचे कपडे येतात, गोणी भरून. चांगले असतात, आया आनंदाने घेतात. पण कधीकधी कुबट वासाचे, दुधाच्या गुठळ्या तशाच, बटणं तुटकी. मागच्या पावसाळ्यात अशा गोणीतल्या दुपट्यातून एका खोलीत खरूज आली, आधी बाळाला, मग चौघांना. त्या आईला वाटलं आपणच अस्वच्छ. ती माझ्यासमोर रडली. तिने काय चूक केली होती?

देणाऱ्यांनी एवढं करावं. आपल्या बाळाला त्या काळात खरूज, फोड, जुलाब झाले असतील तर ते कापड देऊ नये. धुऊन, वाळवून, घडी करून द्यावं. आणि यंत्राची पिशवी वस्तीत देऊ नये. लाइट जाते, हीटर कसा वापरायचा ते कागदावर इंग्रजीत असतं, आई बिचारी पाण्यात उकळेल. त्यापेक्षा मऊ सुती साडी द्या. बाळ छातीशी बांधायला ती फार उपयोगी पडते.

---

मानपाड्याहून
२३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे खूप आभार. काय काय झालं ते सांगते.

टिश्यूची परीक्षा दोन्ही थैल्यांवर केली. दुपारी, गॅलरीच्या दारात उभं राहून कागद उजेडासमोर धरला. पहिल्या थैलीच्या कागदावर वरच्या कडेला बोटभर लांबीची चकचकीत पट्टी, आणि तिच्या मधोमध मसुराएवढा गोल ठिपका. आरपार दिसत होतं. दुसरीचा कागद अगदी कोरा. केमिस्ट, तुम्ही म्हणालात तसंच: माळ्यावर पहिली थैली वर होती, तिच्यावर नवऱ्याची ट्रेकिंगची सॅक. दुसरी खाली सपाट पडून होती.

बाळाच्या पहिल्या महिन्यांची एक वही आहे माझ्याकडे. किती वाजता दूध, किती मिली, शी, शू, आणि थैली तापवली की बाजूला उभी रेघ. त्या रेघा मोजत बसले. २३८ भरल्या. पानं उलटताना एका ठिकाणी नवऱ्याच्या अक्षरात पहाटे ४.१० ला लिहिलेलं सापडलं: “पाय गरम, झोपला.” बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. माहितीपत्रकात जितक्या वेळा तापवण्याची मुभा आहे, त्याच्या आतच होतो आम्ही.

आवरण तीनदा धुतलं. चार दिवस गच्चीवर उन्हात. वास अजूनही आहे, अगदी पुसट, पण नाक लावलं की आहे. सासूबाईंनी स्वतः वास घेतला आणि म्हणाल्या, “नको, हे कुणाला देऊ नकोस.” त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी धागा वाचून दाखवणार नव्हते, पण त्यांनीच मागून घेतला आणि आजींचा प्रतिसाद दोनदा वाचला. आज बसून त्यांनीच चेन आणि वेल्क्रो उसवून काढलं.

गळकी थैली दोन पिशव्यांत गुंडाळून, मराठी आणि हिंदी दोन्हींत चिठ्ठी लावून ठेवली आहे. कंपनीला फोन केला, ती परत घेऊन या म्हणाली नाही, पण पत्ता दिला आणि कुरिअर केलं तर स्वीकारू म्हणाली. उद्या पाठवतेय.

हीटर आणि चांगली थैली घेऊन शुक्रवारी आमच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी थैली तापवून, थर्मामीटर लावून तासभर बघितली. ठीक आहे म्हणाले. त्यांच्याकडे अशाच दोन पिशव्या आहेत, घरी जाणाऱ्या बाळांना उसन्या देतात. त्यातल्या एकीचं आवरण चांगलं, पण थैली नव्हती. आमची थैली तिच्यात बरोबर बसली.

कळव्याच्या बाळाला पिशवी लागलीच नाही. बहीण आणि तिचा नवरा आळीपाळीने छातीशी धरतात, वजन १,९८० झालं. तिला माझ्या आईची धुवट कोटा साडी दिली, बांधायला. नवव्या मजल्यावरच्या ताईंसाठी दोन दुपटी शिवायला घेतली आहेत.

---

रात्रपाळी
२४ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

१,९८०! बहिणीला सांगा, टोपी आणि मोजे काढायचे नाहीत, छातीशी असतानाही.

एक काम राहिलं ताई. त्या २३८ चा आकडा डॉक्टरांना कळवा, आणि थैलीला दोऱ्याने एक छोटं कार्ड बांधायला सांगा. कधीपासून वापरात, किती वेळा तापवली, शेवटची तपासणी कधी. पुढच्या आईला रेघ तिथून पुढे मारता येईल.

---

मानपाड्याहून
२४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आत्ताच फोन केला. दोन्ही थैल्या आलटून पालटून वापरल्या होत्या, म्हणून निम्म्या धरून ११९ लिहायला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, आज दुपारी १,७०० ग्रॅमची एक मुलगी घरी जातेय, तिच्याबरोबर देतोय.